तारण नसलेली माणसे

बँकेच्या नोकरीत माझी तेहतीस वर्षे गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक कर्जखात्यात. कर्जाच्या प्रस्तावाचा एक छापील नमुना असतो. कारखाना कुठे निघणार, माल कोणता, त्याला गिऱ्हाईक कोण, चालवणारा कोण, त्याचा अनुभव काय, हाताखालची माणसे कशी, तारण काय, जामीन कोण, असे रकाने एकामागून एक येतात. वर्षानुवर्षे ते भरून घेतले की माणसाला एक खोड जडते. थोरामोठ्यांची चरित्रे वाचतानाही मन आपले रकाने भरू लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचताना माझे असेच होते. १९१० साली किर्लोस्करवाडीचा प्रस्ताव एखाद्या बँकेच्या टेबलावर गेला असता, तर तो कसा दिसला असता?

जागा : औंध संस्थानातल्या कुंडल गावाजवळचा माळ, निवडुंगाने भरलेला, सापांसाठी प्रसिद्ध. माल : लोखंडी नांगर, जो घ्यायला शेतकरी एके काळी मुळीच तयार नव्हता. चालक : वय चाळीस, चित्रकलेचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेले, पूर्वी सायकलींचे दुकान, त्याआधी मास्तरकी. व्यवस्थापक : चालकाचे थोरले बंधू, शाळेत फारसे न चमकलेले. तंत्रज्ञ : शाळा सोडून आलेली मुले. रखवालदार : दोन, दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले.

शेवटचा रकाना वाचून कुठल्याही मॅनेजरने चष्मा काढून ठेवला असता आणि प्रस्ताव आला तसा परत पाठवला असता. तसे करण्यात त्याचे काही चुकलेही नसते; नियम तेच सांगतात. पण त्याच माळावर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती गाव वसले आणि आज शंभरावर वर्षे उलटली तरी तिथे पंप तयार होत आहेत. मग त्या छापील नमुन्यात कोणता रकाना कमी पडला असता, हा प्रश्न उरतो. मला तो नुसत्या किर्लोस्करांचा वाटत नाही. जिथे चार माणसे एकत्र काम करतात आणि पाचव्याला त्यांच्यावर विसंबावे लागते, अशा प्रत्येक ठिकाणचा तो आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र शाळेत रमले नाही. हाताने काही करावे, चित्र काढावे, यंत्र उघडून बघावे हीच ओढ. थोरल्या भावाच्या मदतीने तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. रेखाटन उत्तम. पण रंग हातात घेतल्यावर उलगडा झाला की या मुलाला काही रंग ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाच्या वाट्याला याहून क्रूर निकाल कोणता येणार?

एखादा घरी परतला असता आणि आयुष्यभर नशिबाला बोल लावत बसला असता. लक्ष्मणराव रंगांपासून दूर झाले, पण रेषा त्यांनी सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. तिथे रेषा अचूक हवी, माप बिनचूक हवे. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि १८८७ साली निघालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेतली यंत्रे त्यांनी स्वतः शिकून घेतली. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके ते नेमाने वाचत.

त्यांच्या पुढच्या साऱ्या वागण्याचे मूळ मला या ठिकाणी दिसते. एका कामाला नालायक ठरलेला माणूस शेजारच्या कामाला उत्तम निघू शकतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. तो माणूस ते स्वतःच होते.

दुसरा धडाही त्याच संस्थेत मिळाला, आणि तो कडू होता. बढतीची जागा निघाली. काम आणि अनुभव पाहता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर गोपनीय अहवाल उत्तम, पण यादीत नाव नाही. हे दुःख नोकरदाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सकाळी त्याच टेबलावर यायचे, त्याच फायली उघडायच्या, आणि आतून काहीतरी विझून गेलेले असते. बहुतेक जण निवृत्तीपर्यंत तसेच राख घेऊन बसतात. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, यांच्याबरोबर सायकलींचा धंदा आधीच सुरू झालेला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. दुकानावर पाटी लागली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. कंपनी आपले जन्मवर्ष १८८८ मानते, ते या उद्योगापासून. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

सायकली विकून पोट भरत होते, पण लक्ष्मणरावांचे मन वस्तू विकण्यापेक्षा घडवण्यात होते. त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. तो चांगला झाला होता. जमीन लाकडी नांगरापेक्षा खोल फोडत होता. तरी जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, असा शेतकऱ्यांचा समज होता.

शहरी माणूस इथे चटकन हसतो. मला हसू येत नाही. मी शेतीकर्जे दिलेली आहेत. विहिरीवर इंजिन बसवायचे कर्ज मंजूर झाल्यावरही कागदावर अंगठा करताना थबकलेला हात मी पाहिला आहे. ज्याच्याकडे एकच बैलजोडी आणि एकच तुकडा जमीन असते, त्याला प्रयोग परवडत नाही. त्याचा अविश्वास हा त्याचा विमा असतो. लक्ष्मणरावांनी हे ओळखले असावे, कारण ते शेतकऱ्याला अडाणी म्हणत बसले नाहीत. ज्यांनी नांगर घेतले त्यांच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या. फाळ लवकर झिजतो म्हटल्यावर लोखंडाचे ओतकाम बदलले, फाळ अधिक कठीण केला. विकणारा तक्रार ऐकून वस्तू सुधारतो, हे एका गावात दिसले की पुढच्या गावाला सांगावे लागत नाही. जाहिरातीने जे झाले नसते ते असे सावकाश झाले.

धंदा रुळावर येतो न येतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. चाळिशीच्या उंबरठ्यावर कारखाना उचलून जायचे कुठे?

त्या वेळी औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, मदतीला आले. लक्ष्मणरावांनी औंधात त्यांच्यासाठी बांधकामाचे काम केले होते, त्यामुळे माणूस राजांच्या पारखलेला होता. राजे स्वतः चित्रकार. लक्ष्मणराव चित्रकार व्हायचे राहिलेले. या दोघांच्या मैत्रीत तोही एक धागा असावा असे मला आपले वाटते. राजांनी संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. रामूअण्णांनी जागा पाहिल्या आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ निवडला. ओसाड होता खरा, पण पुणे-मिरज रेल्वे शेजारून जात होती. कच्चे लोखंड यायला आणि नांगर जायला रेल्वे हवी, बाकी निवडुंग काय, तोडता येतो.

मार्च १९१० मध्ये काही कामगार कुटुंबांसह ही मंडळी माळावर उतरली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई बरोबर होत्या आणि सहा-सात वर्षांचा मुलगा शंतनूही. पुढे मोठा उद्योगपती झाल्यावर शंतनूरावांनी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आणि गुलाब दोन्ही घातले. त्यातला निवडुंग या माळावरचा.

आता माणसांकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे.

रामूअण्णा शिक्षणात मागे पडलेले. त्यांच्याकडे लक्ष्मणरावांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सोपवला. रस्ते, घरे, पाणी, झाडे हे त्यांचे खाते. नांगर कसा ओतायचा यात रामूअण्णांनी लक्ष घातले नाही आणि रस्ता किती रुंद ठेवायचा यात लक्ष्मणरावांनी. शंभोराव जांभेकर शाळा सोडून आलेले. ते कारखान्याचे इंजिनियर झाले. अनंतराव फळणीकरांचीही शाळा सुटलेली. नवी यंत्रे डोक्यातून काढणारा कल्पक कारागीर म्हणून त्यांचे नाव झाले. के. के. कुलकर्णी हे तरुणपणी कुणी भरवसा ठेवावा असे गृहस्थ नव्हते म्हणतात. त्यांनी वाडीची शेती बघितली, माल खपवला, अडलेली कामे सोडवली. मंगेशराव रेगे कारकून होते, ते मुख्य हिशेबनीस झाले.

ही यादी अनेक ठिकाणी छापलेली आहे आणि ती वाचून लोक म्हणतात, बघा, लक्ष्मणरावांचा माणसांवर केवढा विश्वास! मला हे वाक्य अपुरे वाटते. नुसता विश्वास भाबड्या माणसालाही टाकता येतो आणि तो आठ दिवसांत बुडतो. यादी पुन्हा नीट वाचा. हिशेब रेग्यांकडे गेले, फळणीकरांकडे गेले नाहीत. कुलकर्ण्यांना एका खुर्चीवर बांधले नाही; ज्याचा पाय एका जागी ठरत नाही त्याला फिरतीची, अडचणीची कामे दिली. माणसाच्या ज्या स्वभावाला शाळेने किंवा घराने दोष म्हटले होते, तोच जिथे उपयोगी पडेल अशी जागा शोधलेली दिसते. हे काम डोळ्यांचे आहे. ज्याला हिरवा-तांबडा नीट कळत नव्हता, त्याला माणसातली ही छटा बरोबर दिसत होती.

शिवाय एकदा काम सोपवल्यावर खांद्यावरून वाकून बघायचे नाही, हे पथ्य. ते किती कठीण आहे, हे ज्याने कधी चार माणसे सांभाळली आहेत त्यालाच कळेल. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने तपासायचे. या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही; लोकांचा पैसा आहे, दोन किल्ल्या हव्यातच. पण दोन किल्ल्यांची सवय तिजोरीपुरती राहत नाही. ती मनात शिरते. मग साहेब साध्या पत्राचा मसुदा तीनदा परत पाठवतो, रजेच्या अर्जामागे काय दडले आहे ते शोधतो, आणि हाताखालचा माणूसही स्वतःहून काही करायचे सोडून देतो. केले तर जाब, न केले तर काही नाही. अशी शाखा बाहेरून शिस्तीची दिसते. आत काम ठप्प असते.

मी नोकरीला लागलो तेव्हा एका तालुक्याच्या गावी मला एक मॅनेजर लाभले. आमच्या शाखेत एक कॅशियर बदलून आला, आणि त्याच्या आधी त्याची कीर्ती आली : रोकडीत फरक पडतो, माणूस ठीक नाही. पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी प्रत्येकाने आपापले ड्रॉवर दोनदा कुलूप लावून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याच्या शाखेत रोकड पोचवायची होती. मॅनेजरांनी रजिस्टरात त्या कॅशियरचे नाव लिहिले आणि जीप मागवली. भाषण नाही, उपदेश नाही. बरोबर बंदूकधारी रखवालदार होता, पावत्या होत्या, नियमाचे सगळे होते. फक्त नाव त्याचे होते. तो संध्याकाळी परतला, पोच टेबलावर ठेवली आणि बराच वेळ उगाच उभा राहिला. पुढे तीन वर्षे आम्ही एकत्र होतो. त्याच्या रोकडीत फरक पडला नाही. चष्म्याचा नंबर मात्र त्याने त्याच महिन्यात बदलून घेतला होता, हे मला फार उशिरा कळले.

पण कथाकाराच्या मोहापायी अर्धेच सांगणे बरे नाही. याच मॅनेजरांनी गावातल्या एका तरुणाला त्याच्या हुशारीवर भाळून धंद्याला कर्ज दिले, आणि तो यंत्रासकट एका रात्रीत नाहीसा झाला. वरून खुलासा मागवला गेला. मॅनेजरांनी तो लिहिला, दोन ओळींत. पुढचा कर्जदार आला तेव्हा त्याला बसायला खुर्ची मात्र पूर्वीसारखीच दिली. विश्वासाचा हिशेब एका खात्यावर मांडायचा नसतो, सगळ्या वहीवर मांडायचा असतो, असे ते मानत असावेत. मी विचारले नाही.

पुन्हा वाडीकडे. त्या दोन रखवालदारांची नावे तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. नोंदींत त्यांना आडनावे नाहीत, जाती आहेत. तेवढ्यावरून त्या काळाने त्यांना कुठे उभे केले होते ते कळते. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि १९११ साली तो कायदा देशभर लागू करता येईल असा विस्तारला. म्हणजे सरकार ज्या सुमारास माणसांच्या कपाळावर जन्मतःच शिक्का मारत होते, त्याच सुमारास एका माळावरचा कारखानदार दरोड्याची शिक्षा भोगलेल्या दोघांच्या हाती रात्रीचा पहारा देत होता.

या गोष्टीत चमत्कार शोधण्याची गरज नाही. रामोशी हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावाचा राखणदार. किल्ल्यांचे पहारे त्यांच्याकडे असत. गावात चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्याची, आणि माग लागला नाही तर भरपाईही त्याच्या अंगावर. इंग्रजांनी गडांची व्यवस्था मोडली, वतने आटली आणि राखणदारीचे काम करणारे हात रिकामे झाले. उमाजी नाईकांना १८३२ साली फाशी झाली, त्या बंडाच्या मुळाशीही हेच होते. ज्याला रात्रीच्या वाटा ठाऊक, पावलांचे ठसे वाचता येतात, अंधाराची भीती नाही, अशा माणसाला राखणीला ठेवण्यात साहस थोडे आणि समज जास्त आहे. आडवाटेने येणारा चोर त्या दोघांइतका आणखी कोणी ओळखला असता? ते वाडीचे भरवशाचे पहारेकरी ठरले. गावाने जे काम त्यांच्याकडून काढून घेतले होते ते लक्ष्मणरावांनी परत दिले, आणि त्याबरोबर पगार दिला.

औंध संस्थानच्या मातीलाच हे वेड होते की काय कोण जाणे. याच राजांनी पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेती करून राहतात अशी वसाहत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्या प्रयोगावरून निघाला. त्याचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे, आणि माडगूळकर त्याच मुलखातले. चित्रपट सर्वांना आठवतो. त्याच्या किती तरी आधी वाडीच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या दोघांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

वाडीच्या भरभराटीचा इतिहास प्रसिद्ध आहे, तो थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात विलायती नांगर येईनासे झाले आणि देशी नांगराला मागणी वाढली, पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसा महाग झाला. त्यातून वाट काढत कारखाना टिकला. १९२० मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप आले. शंतनूराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत शिकून १९२६ साली परतले. चाळिशीच्या दशकात हरिहर, बंगलोर आणि पुणे इथे नवे कारखाने उभे राहिले. आणि १९२० मध्येच ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघाले. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकाला तीन मासिके मिळाली, यातही तोच स्वभाव दिसतो. शंकररावांच्या हातात चित्रे आणि शब्द होते, त्यांना छापखाना मिळाला. आमच्या घरी ही मासिके येत आणि त्यांतल्या कथांवर माझ्या पिढीची बोटे गोष्ट लिहायला सरसावली, एवढे ऋण इथे नोंदवून ठेवतो.

वाडीत शिवाशीव चालत नसे. मालक, कारागीर, कारकून एकाच वस्तीत राहत. बुवाबाजी आणि अंधश्रद्धेला तिथे थारा नव्हता. १९१०-२० च्या काळात हे किती अवघड होते याची कल्पना आज येणार नाही. तरीही एक गोष्ट मनात येते, ती लिहितो. वाडीतला विश्वास वरून खाली येणारा होता. देणारे हात एका घराचे होते, आणि ते घर चांगले होते म्हणून सगळे चांगले चालले. वाडीत राहणाऱ्याला त्याचा लाभ झाला. कुंपणापलीकडच्या गावांशी वाडीचे नाते मात्र तितके घट्ट विणले गेले का, याबद्दल मला शंका आहे. एक बाजू स्वच्छ, आखीव, सुशिक्षित. दुसरी बाजू कोरडवाहू, कर्जात बुडालेली. पगार कुंपणातून बाहेर जात होता, माल बाहेर जात होता, पण जातीची आणि प्रतिष्ठेची दरी तेवढ्याने भरत नाही. कारखाना चालवणाऱ्यावर ती दरी भरण्याची जबाबदारी टाकणे कदाचित अन्यायाचे होईल. तरी दरी होती.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण, पुण्याचा. पुढच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. अडतीस वर्षे उभारलेले काम. लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

मी या प्रसंगावर अनेकदा थांबलो आहे. माणसावर विश्वास टाकणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्याला हे पान उलटून पुढे जावेसे वाटते, कारण ते गोष्टीत बसत नाही. ज्यांनी आग लावली त्यांनी लक्ष्मणराव कोण, त्यांनी कुणाला जवळ केले, हे पाहिले नाही. त्यांनी आडनाव पाहिले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कपाळावरचा शिक्का वाचायचे नाकारले, त्याच्या कारखान्यावर शेवटी त्याच्या कपाळावरचा शिक्का वाचून पेटते बोळे टाकले गेले. यात न्याय शोधू नये. तो तिथे नाही.

पण दुसराही रकाना आहे. त्या आगीनंतर वाडी मोडून मंडळींना कायमचे निघून जाता आले असते. पुण्याला, बंगलोरला, हरिहरला त्यांचे बस्तान बसलेले होते. नुसत्या हिशेबाने पाहिले तर या माळावर पुन्हा पैसा घालायचे कारण नव्हते. कारखाना पुन्हा त्याच जागी उभा केला गेला. ओतशाळा पेटली, साचे पडले, माणसे त्याच रस्त्यांनी कामावर येऊ लागली.

लक्ष्मणरावांनी हे पाहिले. त्यानंतर ते आठ वर्षे जगले आणि २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव तर त्याआधीच बदललेले होते. पुणे-मिरज मार्गावर गाडी तिथे मिनिट-दोन मिनिटे थांबते आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत किर्लोस्करवाडी असे लिहिलेले दिसते.